मधली रेष वाकडी

३ मार्च, सोमवार

गिरणी चालू झाली. आजपासून ही डायरी, कारण उद्या लोक विचारतील कसं केलंस, तेव्हा मला धड आठवायचं नाही आणि निवांत सगळं श्रेय खिशात घालून मोकळा होईल.

निवांत म्हणजे माझा भागीदार. चित्रं तो काढतो, कोड मी लिहिते. त्याचं खरं नाव आता त्याची आईसुद्धा घेत नसेल. घराला आग लागली तरी आधी हातातला चहा संपवेल असा माणूस. आणि गिरणी म्हणजे मी लिहिलेला प्रोग्राम. दुकानदार आपल्या बोधचिन्हाचं व्हेक्टर चित्र पाठवतो, म्हणजे गणिताने काढलेलं, कितीही ताणलं तरी धार न जाणारं. ते एका तोंडातून टाकायचं, की दुसऱ्या तोंडातून त्या दुकानाच्या ॲपचे आयकॉन बाहेर. गोल, चौकोनी, नखाएवढे, तळहाताएवढे, ज्याला जसे हवे तसे. आजवर हे निवांत हाताने करायचा. एका दुकानामागे त्याचा अख्खा दिवस जायचा आणि त्यातला निम्मा सुस्कारे टाकण्यात.

मॅनेजरबाईंच्या कंपनीला शेकडो दुकानांसाठी वेगवेगळी ॲप काढायची आहेत. "महिनाअखेर पहिली खेप द्या, पसंत पडली तर पुढचं सगळं काम तुमचं," असं त्या म्हणाल्या आणि निवांतने तोंड उघडायच्या आत मी हो म्हणून टाकलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "अगं, मला विचारायचंस तरी." म्हटलं, विचारलं असतं तर तू विचार करत बसला असतास.

घरी बाबांना तपासनीस नेमलं. नवऱ्याची बदली झाल्यापासून घरात आम्ही तिघंच, मी, बाबा आणि माझी लेक भिंगरी. बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. डावा डोळा लहानपणापासून नावापुरता, त्याने मोठं मोठं तेवढंच दिसतं. सगळं आयुष्य उजव्यावर काढलं. पण त्या एका डोळ्यातून चूक निसटली असं मी कधी ऐकलं नाही. माझ्या लग्नपत्रिकेत सासरच्यांनी केलेली चूक त्यांनी भर बैठकीत काढली होती, व्याही अजून तो विषय टाळतात. असा तपासनीस फुकटात घरी बसलेला असताना बाहेर कशाला शोधायचा?

५ मार्च, बुधवार

सकाळी चहाच्या वेळी बाबांपुढे फोन ठेवला. म्हटलं, काय काय दिसतंय सांगा. बेकरीचा पाव ओळखला, किल्लीवाल्याची किल्ली ओळखली. हार्डवेअरच्या दुकानाची शिडी आली तेव्हा थांबले. फोन लांब धरला, जवळ धरला, मान कलती केली.

"या शिडीचा दांडा मध्येच वाकलाय," बाबा म्हणाले.

"वाकलाय?"

"पोट आल्यासारखा. असल्या शिडीवर कोण चढेल?"

मला सरळच दिसत होता. पण मला तर माझ्या निबंधातल्या चुकाही कधी दिसल्या नाहीत, त्या बाबांनीच दाखवल्या. कारण लगेच सुचलं. मोठं चित्र आकसलं की एखादी रेष पडद्यावरच्या दोन बारीक चौकटींच्या मधोमध पडते, मग यंत्र तिला दोन्हीकडे थोडी थोडी फासतं. दुपारपर्यंत गिरणीला शिकवलं की प्रत्येक रेष उचलायची आणि जवळच्या चौकटीत नीट बसवायची. पहिल्याच तपासणीत एवढी बारीक चूक सापडली, म्हणजे आमची सुरुवात झकास झाली.

निवांत म्हणाला, "मला आधी सरळ दिसत होती, आताही सरळच दिसतेय." म्हटलं, म्हणून तर तुला नाही नेमलं.

८ मार्च, शनिवार

छापखान्याचा मालक मुद्रितांचा गठ्ठा घेऊन आला होता. बाबा अजून महिन्याकाठी एखादं पुस्तक तपासून देतात. आज चक्क नाही म्हणाले. "आता बारीक अक्षरात जीव रमत नाही," एवढंच म्हणून त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मी किती वर्षं सांगत होते, आता पुरे करा, आराम करा. माझं ऐकायला लागले म्हणायचे.

आणखी एक सुधारणा. भिंगरीला शाळेत स्कूटरवर सोडायचे, ते आता चालत नेतात. म्हणतात, पायांना व्यायाम होतो. वर्तमानपत्रही बंद केलं, त्यात काही राम राहिला नाही म्हणे. मी म्हटलं, बाबा, तुम्ही तर अगदी डॉक्टरांच्या भिंतीवरच्या तक्त्यासारखे वागायला लागलात. हसले. चहा ओतताना थोडा बशीत सांडला, तर म्हणाले बशीनेच जागा बदलली.

११ मार्च, मंगळवार

शिडी पुन्हा नापास. शिवाय केशकर्तनालयाच्या कंगव्याचे मधले दात पडलेत, असं बाबांचं म्हणणं. मी मोजले, सगळे दात जागेवर. निवांतने तर ऑफिसात आयकॉन मोठा करून पडद्यावर पट्टीच लावली. "बघ. सुतात आहे. आता बोल."

"बाबांनी चाळीस वर्षांत उगाच खूण केलेली नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं असं ऐकलं होतं," निवांत म्हणाला. "इथे अंगण सरळ आहे आणि तू ते खणायला निघालीस. काकांना एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे तरी दाखवून आण."

त्याला काम टाळायला काहीही चालतं. वर्षापूर्वीच बाबांना नवा चष्मा केलाय, चांगल्या दुकानातून. मी रेषा जाड करायचं ठरवलं. यंत्राला बारीक रेष पेलत नसेल तर तिला थोडं खाऊपिऊ घालायचं, साधी गोष्ट आहे.

संध्याकाळी बाबांना जाड रेषांची शिडी दाखवली. म्हणाले, आता जरा बरी आहे. मग म्हणाले, "चूक माझ्या बघण्यात तर नसेल ना गं?"

"छे हो बाबा. चूक माझ्या गिरणीची आहे, मला पक्कं माहीत आहे. तुम्ही निर्धास्त राहा आणि अशाच काढत राहा."

चेहरा लगेच मोकळा झाला. पावाचा आणखी एक तुकडा मागून घेतला. किती दिवसांनी त्यांना असं नीट जेवताना पाहिलं. माणसाला आपण उपयोगी पडतोय असं वाटलं की भूकही लागते.

१४ मार्च, शुक्रवार

मॅनेजरबाई ऑफिसात येऊन गेल्या. काम पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

"सगळे आयकॉन असे गुबगुबीत का झालेत?"

खरं सांगायचं तर बेकरीचा पाव उशीसारखा दिसायला लागलाय आणि किल्ली घालायला कुलूप नाही, भुयार लागेल. पण मी मागे हटले नाही. म्हटलं, आमचा तपासनीस फार कडक आहे, त्याला दिसेल ते जगाला दिसेल. त्या म्हणाल्या, तपासनिसाला माझा नमस्कार सांगा, पण दुकानदारांना आपलं चिन्ह आपल्यासारखं दिसायला हवं. महिनाअखेर मूळ चित्राबरहुकूम हवेत, नाहीतर दुसरीकडे देते.

निवांत मूग गिळून बसला होता. त्या गेल्यावर त्याने ती पट्टी उचलून खणात ठेवली, तेच जास्त लागलं.

हरकत नाही. म्हणजे जाड करणं हा उपाय नव्हता, नुसती मलमपट्टी होती. मूळ चूक अजून आत आहे आणि ती मी काढणारच. अजून माझ्या हातून सुटलेली चूक जन्माला यायची आहे.

१९ मार्च, बुधवार

चूक शोधायची माझी एक पद्धत आहे. एका वेळी एकच गोष्ट काढून टाकायची आणि बघायचं, चूक गेली का. गेली, तर गुन्हेगार तोच. नाही गेली, तर पुढची गोष्ट काढायची. घाई केली की माणूस फसतो.

सोमवारी आकसणं काढलं. पूर्ण मापाचं चित्र बाबांना दाखवलं. वाकडं. काल रंग काढले, नुसती काळी रेष पांढऱ्यावर. वाकडी. आज फोन काढला आणि घरच्या मोठ्या संगणकावर दुकानदाराने पाठवलेलं शिडीचं मूळ चित्रच उघडलं, जे गिरणीत गेलेलंच नाही. बाबांनी खुर्ची पुढे ओढली, मागे सरकवली, आणि म्हणाले, "दांडा वाकडाच आहे. आता तर मधे जरा पुसल्यासारखंही झालंय."

म्हणजे दुकानदाराचं चित्रच वाकडं? मी फाइल उघडून आकडे पाहिले. रेषेच्या वरच्या टोकाचा आणि खालच्या टोकाचा आडवा आकडा, म्हणजे डाव्या कडेपासूनचं अंतर, एकच आहे. गणिताने ती रेष वाकडी असूच शकत नाही. आकडे खोटं बोलत नाहीत आणि बाबाही बोलत नाहीत. दोघं एकाच वेळी खरे असतील तर तिसरं कुणीतरी खोटं बोलतंय, आणि मला वाटतं तो पडदा आहे. रविवारी पडदाही काढते. अगदी हातातोंडाशी आलंय.

बाबा आज जिन्यात अडखळले. शेवटची पायरी असल्याचं विसरले म्हणे. त्या जिन्यात दिवा लावायला घरमालकांना कधीचं सांगतेय.

२३ मार्च, रविवार

पडदा काढला. कागद, पेन्सिल, पट्टी. भिंगरी शेजारी खेळायला गेली होती. जेवणाच्या टेबलावर बाबांसमोरच बसून मी चौकटी आखल्या, उभ्या आणि आडव्या. कागद त्यांच्यासमोर सरकवला.

"मधली वाकडी," बाबा म्हणाले. "आणि इथे मधे चौकटी पुसल्यात."

"बाबा, मी आत्ता तुमच्यासमोर पट्टीने आखली."

"हो, पाहिलं मी."

मी त्यांचं बोट धरलं, पट्टी रेषेला लावली आणि बोट पट्टीच्या कडेने वरून खाली नेलं. त्यांनी दोनदा स्वतःच नेऊन पाहिलं.

"हाताला सरळ लागते," ते म्हणाले.

मग मी त्यांच्या उजव्या डोळ्यावर हात ठेवला. डाव्याने अंधुक दिसतं, पण म्हणाले, अंधुक आहे, तरी सरळ आहे. हात डाव्यावर ठेवला. वाकडी.

काढून टाकण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं. बाबा कागदाकडे बघत नव्हते, माझ्याकडे तोंड करून बसले होते, आणि म्हणाले, "गिरणीची चूक नाही तर मग."

२४ मार्च, सोमवार

सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच दारात उभे होतो. डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या हातात एक पुठ्ठा दिला. त्यावर छापलेल्या चौकटी, मधे एक ठिपका. मी काल आखल्या त्याच. लोक हे पुठ्ठे दवाखान्यात ठेवतात आणि मी आयकॉनची शिडी घेऊन बसले होते.

"किती दिवस वाकडं दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"ते हिला विचारा," बाबा म्हणाले. "हिच्याकडे सगळं आहे."

मी सांगितलं. शिडी पाच तारखेला. कंगव्याचे दात अकराला. मधे पुसट एकोणीसला. डॉक्टरीणबाई लिहून घेत होत्या. म्हणाल्या, इतका व्यवस्थित इतिहास सांगणारे नातेवाईक क्वचित भेटतात. मला त्या खुर्चीतून जमिनीत जावंसं वाटलं.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पडदा असतो, त्याच्या मधोमध बारीक रक्तवाहिन्या फुटून पाणी साचतंय, म्हणून पडदा फुगला आणि सरळ रेष वाकडी दिसते, असं त्यांनी समजावलं. डोळ्यात इंजेक्शन द्यायचं, उद्याच, आणि मग दर महिन्याला. गेलेलं किती परत येईल सांगता येत नाही. असलेलं मात्र राखता येतं, फक्त बदल झाला की त्याच दिवशी कळायला हवा. मी विचारलं, आधी आलो असतो तर? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "आता आलात ना," म्हणाल्या. शहाण्याला शब्दाचा मार.

गाडीत बाबांनी पट्टा चाचपून लावला. मग हळूच म्हणाले, "मला शंका आली होती गं. म्हणून तर स्कूटर बंद केली, पोरगी मागे बसते. छापखान्यालाही त्यासाठीच नाही म्हटलं. पण तू म्हणालीस गिरणीची चूक आहे, पक्कं माहीत आहे. तुला त्यातलं कळतं. मग म्हटलं, आपण उगाच घाबरतोय."

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी सिग्नलपाशी गाडी कडेला घेतली आणि रडले. बाबा पाठीवर हात फिरवत बसले, जणू इंजेक्शन मलाच द्यायचं होतं.

२६ मार्च, बुधवार

काल इंजेक्शन झालं. बाबांनी हूं की चूं केलं नाही. मी बाहेर बाकावर बसून घाम पुसत होते.

आज ऑफिसात गेले आणि गिरणी चार तारखेला होती तशी करून टाकली. त्यानंतरच्या माझ्या सगळ्या दुरुस्त्या एका फटक्यात खोडल्या. पहिल्या दिवसापासून ती बरोबरच दळत होती. निवांतने खांद्यावरून डोकावून पाहिलं, "मी म्हटलं होतं" हे वाक्य गिळलं, आणि चहा आणून दिला. स्वतःहून उठून. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुन्हा होणार नाही.

३१ मार्च, सोमवार

पहिली खेप पसंत. मॅनेजरबाईंचा फोन आला, दुकानदार खूश आहेत, पुढचं सगळं काम तुमचंच, शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवा. निवांत म्हणाला, या वेळी मी आधी हो म्हणू का? पहिल्यांदाच मी म्हटलं, थांब.

हे काम घेतलं की वर्षभर मान वर करता येणार नाही. बाबांकडे कोण बघणार? संध्याकाळी त्यांना सरळच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तो पुठ्ठा घरी दिलाय. रोज सकाळी डावा डोळा झाकून उजव्याने बघायचं आणि काय दिसतं ते मला सांगायचं. मी म्हटलं, "बाबा, तुमची रेष सुधारली तर काम घेते. नाहीतर सोडून देते. मला तुमच्यापेक्षा काही मोठं नाही."

"मूर्खासारखं बोलू नको. हातात आलेलं काम कोणी सोडतं का?"

"मग सुधारा लवकर," मी म्हटलं. हसत म्हटलं, पण मनापासून म्हटलं. अट अगदी साफ आहे, आणि मला साफ अटी आवडतात. त्या घातल्या की डोकं जागेवर येतं.

४ एप्रिल, शुक्रवार

सुधारतंय. मंगळवारी बाबा म्हणाले, रेष थोडी कमी वाकडी आहे. काल म्हणाले, जवळजवळ सरळ. आज म्हणाले, सरळ. एका इंजेक्शनात एवढा गुण येईल असं डॉक्टरीणबाईंनाही वाटलं नसेल. त्यांनी तर बजावलं होतं की फार आशा धरू नका. पण त्या बाबांना ओळखत नाहीत.

मॅनेजरबाईंना हो कळवलं. निवांतने आनंदाच्या भरात दोन खुर्च्या मागवल्या, माणसं दोनच आहेत आणि खुर्च्या आधीच तीन होत्या.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बघ. म्हटलं नव्हतं?" आणि टेबलावरचा पेला घ्यायला हात पुढे केला तो पेल्याच्या शेजारी टेकला. मग चाचपून पेला घेतला. मलाही आज हात कुठे आणि पेला कुठे असंच झालं होतं.

१० एप्रिल, गुरुवार

काम जोरात. गिरणी बिनतक्रार दळतेय. बाबांचं रोजचं उत्तर ठरलेलं, "सरळ." पूर्वी मुद्रित हातात घेतलं की पानभर बघून मगच बोलायचे. आता लगेच बोलतात.

काल भिंगरीची मैत्रीण आली होती. दार उघडून बाबा तिला म्हणाले, आलीस का गं माझी बाय, दप्तर ठेव. दोघी पोट धरून हसल्या. मीही हसले. रात्रीपर्यंत मात्र ते डोक्यातून जाईना.

आज सकाळी मी पुठ्ठा घेऊन टेबलाशी आले. बाबांनी डावा डोळा झाकला आणि म्हणाले, "सरळ." पुठ्ठा अजून माझ्या हातात होता, चौकटींची बाजू माझ्याकडे.

मी वही मिटून ठेवली. त्यांना वाटलं मी लिहून घेतलं.

१२ एप्रिल, शनिवार

गिरणी नीट तपासते की नाही हे बघायचं असेल तर तिला मुद्दाम बिघडलेलं चित्र घालतात. तिने ते पकडलं पाहिजे. पकडलं नाही तर ती तपासतच नाही, नुसती मान डोलावतेय.

काल दुपारी मी दवाखान्याच्या पुठ्ठ्यासारखाच एक पुठ्ठा केला. फक्त मधली रेष चांगली बोटभर वाकवली, आंधळ्यालाही दिसेल अशी, असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. आज सकाळी तो बाबांसमोर धरला. डावा डोळा त्यांनी नीट झाकला.

"सरळ," बाबा म्हणाले.

"नक्की?"

"अगदी सुतात."

मी पुठ्ठा टेबलावर ठेवला, त्यांचं बोट धरलं आणि त्या रेषेवरून नेलं. मी ती पेनाने दाबून काढली होती, बोटाला कळत होती. बोट खाली जाता जाता बाजूला वळलं आणि बाबा समजले. त्यांनी हात काढून घेतला.

"बापाची परीक्षा घेतेस?"

"हो. नापास झालात."

बाबा खिडकीकडे वळले. बाहेर भिंगरी दोरीवरच्या उड्या मारत होती, ते ऐकत बसले.

"तूच अट घातलीस ना," मग म्हणाले. "पहिल्यांदा मी वाकडी म्हटली तेव्हा तू तुझी सगळी गिरणी मोडून ठेवलीस. मला काय माहीत नव्हतं? त्या बाईंनी काम काढून घ्यायची धमकी दिली तेही तुला फोनवर बोलताना ऐकून भिंगरीने सांगितलं मला. आता पुन्हा वाकडी म्हणालो तर काय मोडणार होतीस? माझ्यासाठी तू घरी बसलीस तर मला दोन डोळे असूनही बघवायचं नाही."

"आणि डोळा गेला असता म्हणजे?"

"तो माझा आहे."

तेव्हा मात्र मी चिडले. म्हटलं, तुमचा कसा? त्याच डोळ्याने तुम्ही मला वाचायला शिकवलंत, भिंगरीच्या वह्या तुम्ही बघता, तो काय एकट्याचा आहे? मी भांडत होते आणि रडत होते, आणि बाबा म्हणाले, "रडतेयस का? आवाजावरून वाटतंय. तोंड दिसत नाही गं मला तुझं मधलं. कडेने केस दिसतात."

मी डोळे पुसले. म्हटलं, अट मागे घेतली. काम मी करणार आहे, निवांत अर्धं उचलणार आहे, त्याला खुर्च्या मागवायची हौस आहे ना, तिसऱ्या माणसाला बसवू त्यांवर. काहीही मोडणार नाही. वाकडी म्हणा, पुसली म्हणा, काय दिसेल ते म्हणा. मी त्यात काही दुरुस्त करणार नाही. फक्त डॉक्टरीणबाईंना सांगणार.

बाबांनी दवाखान्याचा खरा पुठ्ठा मागितला. डोळा झाकला. या वेळी लवकर बोलले नाहीत. छापखान्यात बघायचे तसे, वरून खाली, ओळीओळीने बघत गेले. मग बोट ठेवून सांगायला लागले. इथून इथपर्यंत काही नाही. ही रेष इथे खाली बसते. ही दोन ठिकाणी तुटते. इंजेक्शननंतर काही दिवस थोडं बरं होतं, ते खरं होतं, मग या सोमवारपासून पुन्हा वाढलं. ते सांगत होते आणि मी लिहीत होते.

फोन उचलणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "आधी वाचून दाखव, काय लिहिलंस ते."

मी वाचलं. शेवटचं वाक्य होतं, सोमवारपासून थोडी वाढ आहे.

"थोडी नाही," बाबा म्हणाले. "मी थोडी म्हणालो नव्हतो. बरीच. बरीच लिही."

मी थोडी खोडलं, बरीच लिहिलं आणि दवाखान्याला फोन लावला.